पोकळ आवाज

बोगोमिर पूल तपासायचा.
एकतीस वर्षं द्राव्हा नदीवरच्या पुलांखाली उभं राहून
हातोडीनं काँक्रीट ठोकायचा, कान लावून.
भरीव वाजलं की पुढे.
पोकळ वाजलं की खडूनं गोल
आणि वहीत तारीख.

यंदा ईस्टरला आठ दिवस असताना
त्याच्या बहिणीचं, श्टेफकाचं, मनगट मोडलं.
बर्फ नाही, निसरडं नाही,
चांगल्या कोरड्या पायरीवर.
आणि दरवर्षीची पोतित्सा आली ह्याच्या गळ्यात.
"विकत आणू," तो म्हणाला.
फोनवर ती इतका वेळ गप्प राहिली
की तो पीठ आणायला निघाला.

यीस्ट फसफसायला हवं होतं. फसफसलं नाही.
दूध जास्त तापलं म्हणे.
दुसरी पुडी.
ह्या खेपेस फसफसलं, वाटीबाहेर, ओट्यावर, बाहीवर.
अक्रोड त्यानं हातोडीनंच फोडले
(घरातली, लहान हातोडी, तेवढा विवेक होता).
मध, साय, दालचिनी,
रमचा एक घोट सारणाला
आणि एक गवंड्याला.

"लाट," श्टेफका फोनमधून सांगत होती,
"खालच्या चादरीवरची फुलं दिसेपर्यंत लाट."
त्याच्या चादरीवर फुलं नव्हती, चौकडी होती.
"मग चौकडी दिसेपर्यंत! सगळं मीच सांगू?"

कणीक लाटली तेवढी मागे यायची.
वाट अडवून उभी.
त्यानं कोट काढला, मग स्वेटर,
मग चौकडी दिसली, फिकी,
धुक्यातल्या खिडक्यांसारखी,
आणि एका कोपऱ्यात कणीक फाटली.
त्याचा हात खिशात गेला, खडू शोधत.

मातीचा साचा श्टेफकाच्या सासूचा,
मध्ये उंचवटा, कडेला जुना टवका.
"विणायच्या सुईनं टोच, पार तळापर्यंत,
हवा अडकली की थर सुटतात."
सुई कुठली आणायची?
त्यानं सायकलच्या चाकाची तार काढली,
दोनदा धुतली
आणि बहिणीला सांगितलं, टोचलं.

दीड तासानं साचा उलटा केला.
बाहेर आली ती. जवळजवळ सगळी.
"आता तळाला ठोकून बघ," ती म्हणाली,
"कसा आवाज येतो?"

तो वाकला. बोटाच्या पेरानं ठोकलं.
डोळे मिटून पुन्हा ठोकलं.
"बोगोमिर? आहेस ना?"
"पोकळ आहे," तो म्हणाला,
अशा आवाजात, की उद्यापासून
पलीकडच्या गावाला वळसा घालून जावं लागेल.

"अरे मग झाली की!
पोकळ वाजली म्हणजे भाजली!"

तो ओट्याशी उभाच राहिला.
हा आवाज चांगला असू शकतो
हे त्याला ह्या आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.
तिसऱ्यांदा ठोकलं. कारण काही नव्हतं.

रविवारी हॅम, अंडी, किसलेला हॉर्सरॅडिश,
आणि मधोमध ती.
सुरी फिरली तर आत भुयार:
वरचे थर वर, खालचे खाली,
मधून श्टेफकाच्या नातीनं, ब्रिनानं,
एक डोळा लावून त्याच्याकडे पाहिलं.
"आजोबा, तुम्ही दिसता यातून."

श्टेफका डाव्या हातानं खात होती.
"सायकलची तार," ती म्हणाली.
विचारलं नाही, म्हणाली.
"तळापर्यंत पोचली नाही."
मग ताटली पुढे केली, दुसऱ्या कापासाठी,
कडेचा, जास्त सारणाचा.

रात्री त्यानं जुनी वही उघडली.
तारीख. थर सुटलेले, दोन बोटं.
कोपऱ्यात चीर, जुनी.
भार: सहा माणसं.
पुढचा रकाना त्यानं बराच वेळ रिकामा ठेवला,
मग उठून साच्याला चिकटलेला तुकडा
चमच्यानं खरवडून खाल्ला,
उभ्याउभ्याच, दिवा न लावता.